पत्ता कोण वाचणार आहे?

परवा रात्री तू फोनवर जो संदेश वाचून दाखवलास, तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. मूळ आणि मुक्काम दोन्ही दूरचे असू शकत नाहीत, असं फाइलींची प्रत घेणारं आरसिंक सांगत होतं. तू वैतागून म्हणालीस, "अगं आत्या, डी ड्राइव्ह माझ्या टेबलाखालच्या डब्यात आहे, दूरचा कसा?" यात चूक तुझी नाही आणि आरसिंकचीही नाही. आरसिंक युनिक्सच्या घरात वाढलेलं. त्या घरच्या रीतीप्रमाणे कोलनच्या आधी येतं ते दुसऱ्या मशीनचं नाव. तू लिहिलंस 'डी:/ड्रॉइंग्ज', त्याने वाचलं 'डी नावाच्या मशीनवरचं ड्रॉइंग्ज'. पुढे तुझ्या सर्व्हरचं नाव आणि पुन्हा कोलन होताच. त्याच्या लेखी दोन्ही टोकं परगावची झाली.

फोनवर घाईत सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून आता बसून लिहिते. ३० वर्षं ऑफिसांमधली मशीनं सांभाळताना या ड्राइव्हच्या अक्षरांनी मला जितकं जागवलं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने जागवलं असेल. त्या सगळ्या जागरणांतून हाती आलेली गोष्ट एकच आहे आणि बाकीचं सगळं तिच्या पोटात येतं. पाथ लिहिण्याआधी स्वतःला विचार, हा पत्ता वाचणार कोण? आपण तो कुठे टाइप करतोय ते नंतर बघायचं. तुझ्या टर्मिनलमध्ये टाइप केलेली ओळ आधी शेल वाचतं, मग प्रोग्राम वाचतो, आणि कधीकधी दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसलेला असतो. तिघांपैकी कुणाच्या हातात काय पडतं ते डोळ्यांपुढे आलं की निम्मं काम झालं.

अक्षरं आली कुठून, हे माहीत असलं की राग कमी होतो. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉलने सीपी/एम लिहिलं तेव्हा छोट्या संगणकाला एक-दोन फ्लॉपी असायच्या. एकीला ए म्हणायचं, दुसरीला बी. फोल्डर ही गोष्टच नव्हती, त्यामुळे अक्षर पुरेसं होतं. १९८१ मध्ये डॉस आलं ते हीच रीत घेऊन. पहिल्या डॉसमध्येही फोल्डर नव्हते आणि फॉरवर्ड स्लॅश कमांडला सूचना द्यायला वापरला जात होता. १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर फोल्डर आले तेव्हा ती खूण आधीच कामाला लागलेली. म्हणून बॅकस्लॅश घेतला. ए आणि बी फ्लॉपीकडे, म्हणून हार्ड डिस्कला सी. आज फ्लॉपी कुणी पाहिलेली नाही, पण तुझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपची डिस्क अजून सी आहे ती त्या रिकाम्या ठेवलेल्या दोन जागांमुळे.

युनिक्सचं घर त्याच्याही आधीचं, १९६९ पासूनचं, बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी उभारलेलं. तो वाडा एक आणि त्याचा दिंडीदरवाजाही एकच, नुसता स्लॅश. नवी डिस्क आली की ती वाड्यातल्या एखाद्या खोलीत आणून बसवायची, त्याला माउंट करणं म्हणतात. कोणती खोली कोणत्या डिस्कवर आहे हे पत्ता वाचून कळत नाही आणि कळायची गरजही नसते. शिवाय युनिक्समध्ये कोलनला आणखी एक काम आहे, पाथच्या यादीत दोन फोल्डर वेगळे करायचं. विंडोजला तिथे अर्धविराम लागतो. मग युनिक्सच्या यादीत 'सी:' लिहिलं की यादी सी पाशीच तुटते.

आता तुझ्या ऑफिसात या दोन्ही घरांची माणसं एकाच छताखाली राहतात. जुन्या मशीनवर सिगविन आहे, लॅपटॉपवर गिट बॅश, आणि तुझ्या साहेबांनी नुकतंच डब्ल्यूएसएल घालून दिलंय, तिन्ही विंडोजवर युनिक्सच्या कमांड चालवणारी. तिन्हींचे पडदे काळे, तिन्हींत डॉलरचं चिन्ह, म्हणून तुला ती एकसारखी वाटली. पण डी ड्राइव्ह सिगविनमध्ये '/सिगड्राइव्ह/डी' असतो, गिट बॅशमध्ये नुसता '/डी', डब्ल्यूएसएलमध्ये '/एमएनटी/डी'. एकाच फाइलचे हे तीन पत्ते, आणि विंडोजचा चौथा. तेव्हा अनोळखी मशीनवर बसलीस की पहिली कमांड 'यूनेम' दे. सिगविन स्वतःचं नाव सांगतं, गिट बॅश मिंगडब्ल्यू६४ पासून सुरुवात करतं, आणि डब्ल्यूएसएल 'लिनक्स' म्हणतं, कारण ते खरोखरच लिनक्स आहे. गिट बॅशमध्ये मुळाशी उभं राहून 'एलएस' केलंस तर सी किंवा डी नावाचं काही दिसणार नाही. घाबरू नकोस. दिसत नसले तरी 'सीडी /डी' केलंस की आत जाता येतं.

पत्ता पहिल्यांदा वाचतं ते शेल, तुझ्याकडे ते बॅश आहे. बॅशमध्ये बॅकस्लॅश म्हणजे 'पुढच्या अक्षराचा खास अर्थ काढून टाक'. म्हणून एक्सप्लोररमधून उचललेला 'डी:\ड्रॉइंग्ज\पंप' तसाच चिकटवला तर प्रोग्रामच्या हातात 'डी:ड्रॉइंग्जपंप' पडतं, आणि तो बिचारा अशी फाइल सापडत नाही म्हणतो. बॅकस्लॅश असलेला पत्ता एकेरी अवतरणात ठेव, किंवा सगळे स्लॅश सरळ कर. विंडोजचे बहुतेक प्रोग्राम 'डी:/ड्रॉइंग्ज/पंप' असा सरळ स्लॅशचा पत्ता मुकाट्याने घेतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. काळ्या खिडकीतल्या सीएमडीच्या जुन्या कमांड मात्र त्यावर अडतात, कारण त्यांच्यासाठी फॉरवर्ड स्लॅश अजून सूचनेचीच खूण आहे. आणि अक्षर लिहिलंस तर कोलननंतर स्लॅश लिहीच. विंडोजच्या जगात 'डी:नोंदी' म्हणजे डी ड्राइव्हवर शेवटी ज्या फोल्डरमध्ये उभी होतीस तिथलं 'नोंदी'. ही जागा दर वेळी वेगळी असू शकते.

जागा सोडलेली नावं, म्हणजे 'प्रोग्राम फाइल्स'सारखी, दुहेरी अवतरणात. नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून वापरत असशील तरीही अवतरण घालायचंच. मी पाहिलंय, स्क्रिप्ट मोडली की लोक मराठी नावांच्या फोल्डरना दोष देतात. सिगविन १.७ आलं २००९ मध्ये, तेव्हापासून ते यूटीएफ-८ धरून चालतं. 'खतावणी' नावाच्या फोल्डरने माझी स्क्रिप्ट कधी मोडली नाही. 'जुनी खतावणी'ने मोडली, आणि तीही मधल्या मोकळ्या जागेमुळे.

शेलनंतर वाचतो प्रोग्राम, आणि इथे त्याचं माहेर बघायचं. सिगविन १९९५ मध्ये सिग्नस सोल्युशन्समध्ये स्टीव्ह चेंबरलेन यांनी सुरू केलं. त्याचा सगळा जीव एका डीएलएलमध्ये आहे. सिगविनसाठी बांधलेला प्रोग्राम फाइल उघडायला निघाला की ही डीएलएल '/सिगड्राइव्ह/डी' चं भाषांतर करून विंडोजला सांगते. पण तू विंडोजचं पायथन बसवलंयस आणि ते सिगविनच्या टर्मिनलमधून चालवलंस, तर त्या पायथनने ही डीएलएल पाहिलेलीच नसते. त्याला '/सिगड्राइव्ह/डी' म्हणजे काहीच कळत नाही. तिथे 'सिगपाथ' वापर. '-यू' दिलंस की युनिक्सचा पत्ता मिळतो, '-डब्ल्यू' ने विंडोजचा, आणि '-एम' ने अक्षर विंडोजचं पण स्लॅश सरळ. मला सगळ्यांत उपयोगी पडलं ते '-एम', कारण तो पत्ता शेलच्या तोंडून जाताना मोडत नाही आणि विंडोजच्या प्रोग्रामलाही समजतो. डब्ल्यूएसएलमध्ये हेच काम 'डब्ल्यूएसएलपाथ' करतं, अक्षरंही तीच. पत्ता हाताने तोडून जोडत बसू नकोस. मी एका स्क्रिप्टमध्ये पहिली दोन अक्षरं कापून पुढे '/सिगड्राइव्ह' लावत असे. एक दिवस कुणीतरी नेटवर्कवरचा, दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पत्ता दिला आणि सगळी रात्र त्यात गेली.

गिट बॅशमध्ये शेल आणि प्रोग्रामच्या मध्ये तो दुभाषा बसतो. विंडोजचा प्रोग्राम चालवताना तुझ्या कमांडमधला जो शब्द युनिक्सच्या पत्त्यासारखा दिसेल तो दुभाषा न विचारता विंडोजचा करून टाकतो. '/डी/ड्रॉइंग्ज' चं 'डी:/ड्रॉइंग्ज' होतं. बहुतेक वेळा हे वरदान आहे. पण पत्ता तुझ्या मशीनवरचा नसेल तर? डॉकरला तू सांगतेस, कंटेनरमधल्या '/डेटा' वर हे फोल्डर बसव. दुभाषाला कंटेनर माहीत नाही. तो '/डेटा' म्हणजे गिट बॅशच्या स्वतःच्या वाड्यातली खोली समजतो आणि 'सी:/प्रोग्राम फाइल्स/गिट/डेटा' असं करून देतो. फोनवर फाइल पाठवताना '/एसडीकार्ड' चंही असंच होतं. ही खूण लक्षात ठेव, एखाद्या चुकीच्या संदेशात 'प्रोग्राम फाइल्स/गिट' दिसलं आणि तू ते लिहिलेलं नसेल, तर दुभाषाने हात घातलाय. त्या एका कमांडपुरतं आधी 'एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=१' लिही, किंवा पहिला स्लॅश दोनदा दे. सीएमडीला '/सी' द्यायचं असेल तर '//सी' लिहायचं ते याचसाठी. पण ही सूचना कायमची चालू ठेवू नकोस, नाहीतर दुसऱ्या दिवशी जी कमांड मुकाट चालत होती तीच बिघडेल आणि कारण तुला आठवणार नाही. आणि एक, दुभाषा फक्त कमांडच्या ओळीतले शब्द आणि एन्व्हायर्नमेंटमधले पत्ते बघतो. सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेला पत्ता तो बदलत नाही. तिथे वाचणाऱ्याच्या भाषेतच लिहावं लागतं.

डब्ल्यूएसएलबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिथे माझं खरं नुकसान झालं.

डब्ल्यूएसएल सुरू होताना मशीनमधले कायमचे ड्राइव्ह '/एमएनटी' खाली आपोआप बसवतं. मागाहून लावलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क आपोआप येईलच असं नाही. ती आपण बसवायची. आधी '/एमएनटी/ई' नावाचं रिकामं फोल्डर करायचं आणि मग 'सूडो माउंट -टी डीआरव्हीएफएस ई: /एमएनटी/ई'. मी एका कार्यालयाचा बॅकअप असा बाहेरच्या डिस्कवर घेत होते. एकदा मशीन बंद होऊन चालू झालं, माउंटची कमांड पुन्हा दिली गेली नाही, पण '/एमएनटी/ई' हे रिकामं फोल्डर जागच्या जागी होतं. स्क्रिप्टला ते पुरलं. ती रोज रात्री त्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्या डिस्कवर, प्रत लिहीत राहिली आणि लॉगमध्ये रोज 'पूर्ण' असं येत राहिलं. मशीनची डिस्क गेली तेव्हा बाहेरची डिस्क कपाटातून काढली. तिच्यावर सात आठवड्यांपूर्वीचं काम होतं. त्या सात आठवड्यांत तिथल्या लोकांनी केलेलं काम पुन्हा हाताने करावं लागलं. त्यांची तोंडं मी विसरलेले नाही.

म्हणून बॅकअपच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या तोंडाशी 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/ई' ही तपासणी घाल. डिस्क बसवलेली नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं आणि तुला कळवावं. आरसिंकला '--डिलीट' देत असशील तर ही तपासणी दोन्ही टोकांना हवी. मूळ डिस्क बसवलेली नसेल तर ते फोल्डर रिकामं दिसतं, आणि आरसिंक इमानदारीने तुझी प्रतही रिकामी करतं. डिस्क उपटण्याआधी 'यूमाउंट' करायला विसरू नकोस.

डब्ल्यूएसएलमधलं आणखी एक. एसएसएचची किल्ली '/एमएनटी/सी' खाली ठेवलीस तर तिच्या परवानग्या सगळ्यांना खुल्या दिसतात, आणि एसएसएच ती नाकारतं. तू 'सीएचमॉड ६००' करतेस, संदेश काही येत नाही, आणि परवानगी होती तशीच. कारण विंडोजच्या डिस्कवर लिनक्सच्या परवानग्या जपायला 'मेटाडेटा' हा पर्याय सेटिंगमध्ये चालू असावा लागतो. सोपा उपाय म्हणजे किल्ली लिनक्सच्या आपल्या होम फोल्डरमध्ये हलवायची. तुझा कोडही तिथेच ठेव. डब्ल्यूएसएल २ मध्ये '/एमएनटी/सी' वरची प्रत्येक फाइल नाइन-पी नावाच्या नियमावलीने दोन यंत्रणांमध्ये ये-जा करते, आणि हजारो छोट्या फाइलींचं काम तिथे कंटाळा येईल इतकं हळू होतं. विंडोजच्या बाजूने तो कोड बघायचा असेल तर एक्सप्लोररच्या पट्टीत '\\डब्ल्यूएसएल.लोकलहोस्ट' टाइप कर.

आता ज्याची मला सगळ्यांत काळजी वाटते ते.

लिनक्समध्ये फाइलच्या नावात कोलन चालतो, बॅकस्लॅशही चालतो. स्लॅश सोडून जवळजवळ काहीही चालतं. त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेली एखादी स्क्रिप्ट डब्ल्यूएसएलमध्ये चालवलीस आणि तिने 'सी:/टेम्प' हे फोल्डर बनवून त्यात लिहायचं ठरवलं, तर चूक दाखवली जात नाही. तू उभी असशील त्या फोल्डरमध्ये 'सी:' नावाचं नवं फोल्डर तयार होतं. बॅकस्लॅशने लिहिलं असेल तर अख्खा पत्ता हेच एका फाइलचं नाव होतं. कधीतरी तुला असं फोल्डर दिसेल आणि कचरा म्हणून काढावंसं वाटेल. 'आरएम -आरएफ सी:' हे लिनक्समध्ये तो कचराच काढतं. पण हीच ओळ सवयीने गिट बॅशमध्ये किंवा सिगविनमध्ये दिलीस, तर तिथे 'सी:' म्हणजे खरा सी ड्राइव्ह. खिडक्या दोन शेजारी उघड्या असतात, रंग तोच, आणि रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणून अशा नावाच्या आधी नेहमी './' लाव, './सी:'. आता वाचणारा कुणीही असला तरी 'इथल्या, याच फोल्डरमधलं' एवढाच अर्थ निघतो, कारण अक्षर आता पत्त्याच्या सुरुवातीला राहिलेलं नाही. आणि आधी 'एलएस' करून बघ, मग पुसायचं. आरसिंक आणि एससीपीलाही हाच './' समजावतो की कोलन असला तरी फाइल घरचीच आहे.

टारलाही कोलनचा असाच भ्रम होतो. आर्काइव्हचं नाव 'डी:/जुने.टार' दिलंस तर जीएनयू टार डी नावाच्या मशीनला जोडायला जातं. '--फोर्स-लोकल' दिलं की ऐकतं. मेकमध्ये कोलन म्हणजे 'हे त्याच्यावर अवलंबून', म्हणून मेकफाइलमध्ये 'सी:' आला की ते एकापेक्षा जास्त टार्गेट पॅटर्न असल्याची तक्रार करून थांबतं. तिथे युनिक्सचा पत्ता दे आणि सोड.

रात्रीच्या कामात झेड वगैरे अक्षर दिलेला नेटवर्कचा ड्राइव्ह वापरू नकोस. ते अक्षर तू लॉग इन केल्यावर तुझ्या सत्रापुरतं असतं. टास्क शेड्युलरने रात्री दुसऱ्या खात्यातून स्क्रिप्ट उठवली की ते अक्षर तिथे नसतंच. अॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीतही बहुतेक वेळा नसतं. सिगविनमध्ये सरळ '//सर्व्हर/फोल्डर' असं लिही. पेनड्राइव्हच्या अक्षराचाही भरवसा धरू नकोस, आज ई तर उद्या एफ. डिस्कवर एक ओळखीची फाइल ठेवायची, आणि स्क्रिप्टने ती दिसल्यावरच पुढे जायचं. मी 'हीच_डिस्क' नावाची रिकामी फाइल ठेवते.

दादाने घरच्या लिनक्सवर वाइन घालून ते जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवलंय ना, तिथे हेच नातं उलट बाजूने दिसतं. त्याच्या होममधल्या '.वाइन' फोल्डरात 'डॉसडिव्हायसेस' उघडून बघ. आत 'सी:' आणि 'झेड:' नावाच्या लिंक आहेत. सी एका साध्या फोल्डरकडे जाते, आणि झेड चक्क वाड्याच्या दिंडीदरवाजाकडे, म्हणजे अख्ख्या लिनक्सकडे. ड्राइव्हचं अक्षर हे एक नाव आहे, कुणीतरी कशाला तरी दिलेलं, हे मला पुस्तकांपेक्षा त्या दोन लिंक बघून जास्त नीट कळलं. तिथे काम करताना 'वाइनपाथ' दोन्हीकडचं भाषांतर करतं. त्याला सांग, वाइनमध्ये चालणारा प्रोग्राम झेडवरून त्याच्या सगळ्या फाइली बघू शकतो, तेव्हा कुठूनही उतरवलेलं काही तिथे चालवू नकोस म्हणावं.

आता तुझी आरसिंकची स्क्रिप्ट. ती जुन्या मशीनवर, सिगविनमध्ये चालते, म्हणजे तिसऱ्या ओळीतलं 'डी:/ड्रॉइंग्ज/' काढून '/सिगड्राइव्ह/डी/ड्रॉइंग्ज/' लिही, दुहेरी अवतरणात. तिच्या आधी एक ओळ घाल, डी वरची ती ओळखीची फाइल नसेल तर थांब. '--डिलीट' आठवडाभर काढून ठेव. आज रात्री आरसिंकला '-एन' आणि '-व्ही' लावून चालव, म्हणजे ते काही न हलवता नुसती यादी देईल. ती यादी मला पाठव, मी सकाळी चहाबरोबर बघते.